साडेतीनशे स्पेल आणि एक मागे घेतलेला निर्णय: डी अँड डी बियाँड, ऑगस्ट २०२४

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ (डी अँड डी) या, टेबलाभोवती बसून पात्रे साकारत खेळल्या जाणाऱ्या खेळाचे नवे नियमपुस्तक ‘प्लेअर्स हँडबुक’ १७ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वांसाठी बाजारात येणार होते. त्याआधी, ऑगस्टच्या उत्तरार्धात, खेळाच्या अधिकृत डिजिटल व्यासपीठाने, म्हणजे डी अँड डी बियाँडने, आगामी बदलांची एक यादी जाहीर केली. यादीचे स्वरूप तांत्रिक होते आणि तिची भाषाही कोरडी होती. तीत असे म्हटले होते की २०१४ च्या नियमांतील क्लास (पात्राचा प्रकार), सबक्लास आणि पार्श्वभूमी खेळाडूंना पुढेही वापरता येतील, पण स्पेल (जादूचे मंत्र) आणि जादुई वस्तू यांच्या जागी कॅरॅक्टर शीटवर, म्हणजे पात्राच्या माहितीपत्रकावर, २०२४ ची रूपे येतील. ज्यांना जुनी रूपे हवी असतील त्यांनी ती ‘होमब्रू’ म्हणून, म्हणजे स्वतः रचलेली सामग्री म्हणून, आपल्या खात्यात वेगळी भरून घ्यावीत. यावर खेळाडूंनी इतका विरोध केला की काही दिवसांतच खेळाची प्रकाशक कंपनी विझर्ड्स ऑफ द कोस्टने निर्णय मागे घेतला.

जो निर्णय अमलात आलाच नाही त्याचा अभ्यास कशासाठी करायचा, असे कोणी विचारू शकेल. छापील नियमपुस्तकाकडून डिजिटल नियमपुस्तकाकडे जाण्याची चर्चा बहुधा बॅगेचे ओझे, शोधण्याची सोय आणि कोऱ्या पुस्तकाचा वास यांभोवतीच फिरत राहते, आणि या प्रकरणाचा त्यांपैकी कशाशीच संबंध नव्हता. तक्रार करणारे लोक कागदाचे अभिमानी नव्हते. त्यांतील बरेच जण डिजिटल आवृत्तीसाठी पैसे मोजलेले, काही वर्षानुवर्षे वर्गणी भरणारे ग्राहक होते. पुस्तक आणि खेळाचे साधन ही एकच वस्तू झाल्यावर एखाद्या गटाचे नियम बदलण्याचा अधिकार कोणाकडे जातो, एवढाच त्यांचा प्रश्न होता, आणि तो इतक्या स्पष्टपणे याआधी कधी समोर आला नव्हता.

पुस्तक टेबलावर होते तेव्हा

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ मध्ये एका खोक्यातील तीन छोट्या पुस्तिकांच्या रूपाने बाहेर पडला. पहिल्या छपाईत १,००० प्रती होत्या. तेव्हापासून खेळात पुस्तकाची भूमिका काहीशी विलक्षण राहिली आहे. त्यात नियम असतात, पण अंतिम निर्णय डीएमचा (डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचा) असतो. एखादा नियम गैरसोयीचा वाटला तर गट तो बाजूला ठेवतो, स्वतःचा नवा नियम करतो आणि पुढच्या सेशनला तोच पाळतो. कंपनीने २०००, २००८ आणि २०१४ मध्ये नव्या (तिसरी, चौथी आणि पाचवी) आवृत्त्या काढल्या, तरी कपाटातील जुने पुस्तक जसेच्या तसे राहिले. १९८१ च्या बेसिक संचावर आजही खेळणारे गट आहेत आणि त्यांना त्यासाठी कोणाचीही परवानगी लागत नाही. कंपनीने शुद्धिपत्र काढले तरी ते छापून पुस्तकात ठेवायचे की दुर्लक्षित करायचे, हे गटच ठरवत असे. आवृत्ती बदलणे हा गटाचा सामूहिक निर्णय होता, आणि अनेकदा तो वर्षभर वाद घालूनही होत नसे.

पहिल्या पिढीतील डिजिटल नियमपुस्तकांनी, म्हणजे पीडीएफ फाइलींनी, या व्यवस्थेला फारसा धक्का दिला नाही. फाइल एकदा संगणकावर उतरवली की ती पुस्तकासारखीच स्थिर राहते. धक्का बसला तो पुरवठ्याला. मार्च २००९ मध्ये आलेल्या ‘प्लेअर्स हँडबुक २’ च्या प्रती इंटरनेटवर फुकट फिरू लागल्यावर विझर्ड्स ऑफ द कोस्टने आठ जणांविरुद्ध अमेरिकेत दावे दाखल केले आणि त्याच सुमारास आपल्या सर्व पीडीएफ विक्रीतून काढून घेतल्या. पाइझो या दुसऱ्या एका खेळ-प्रकाशकाच्या ऑनलाइन दुकानात ६ एप्रिलच्या रात्रीनंतर विक्री थांबली आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर आधी पैसे भरलेल्यांनाही आपली फाइल पुन्हा उतरवून घेता येईना. ज्यांनी ती वेळेवर उतरवली होती त्यांचे काहीच बिघडले नाही. ज्यांनी ‘लागेल तेव्हा घेऊ’ म्हणून ठेवून दिली होती ते मात्र अडकले. जुन्या पीडीएफ अधिकृतपणे पुन्हा मिळू लागल्या त्या थेट जानेवारी २०१३ मध्ये.

२००९ च्या या घटनेची आठवण २०२४ च्या वादात पुष्कळांनी काढली, पण माझ्या मते खरा पूर्वज तो नाही. त्याच काळातील ‘डी अँड डी इनसायडर’ या वर्गणीच्या सेवेत ‘कॅरॅक्टर बिल्डर’ नावाचे एक साधन होते. ते आधी संगणकावर उतरवून घेण्याचा प्रोग्रॅम होते आणि नोव्हेंबर २०१० पासून ब्राउझरमध्ये चालणारी सेवा झाले. पात्राचे आकडे ते स्वतः जुळवत असे, आणि चौथ्या आवृत्तीत शक्तींची संख्या इतकी वाढली होती की अनेक गटांना त्याच्याशिवाय पात्र तयार करणे नकोसे वाटे. ती सेवा मायक्रोसॉफ्टच्या सिल्व्हरलाइटवर उभी होती. सिल्व्हरलाइट मागे पडले आणि २०२० च्या सुरुवातीस सेवाही बंद झाली. चौथ्या आवृत्तीची छापील पुस्तके मात्र आजही उघडता येतात. ते पात्र हाताने तयार करायला लागणारा वेळ हीच काय ती अडचण.

संदर्भ आणि अंमलबजावणी

डी अँड डी बियाँड १५ ऑगस्ट २०१७ रोजी सुरू झाले. ते विझर्ड्सने उभारले नव्हते. अ‍ॅमेझॉनच्या मालकीच्या ट्विचकडे असलेल्या कर्स या कंपनीने परवाना घेऊन ते बांधले, डिसेंबर २०१८ मध्ये ते फॅन्डमकडे गेले आणि एप्रिल २०२२ मध्ये विझर्ड्सची मूळ कंपनी हॅस्ब्रो हिने ते १४६.३ दशलक्ष डॉलर रोख देऊन विकत घेण्याचे जाहीर केले. या मधल्या काळात पाचव्या आवृत्तीची मुख्य पुस्तके पीडीएफ स्वरूपात कधीच विकली गेली नाहीत. २०१४ मध्ये ‘बेसिक रूल्स’ची पीडीएफ फुकट मिळाली, पण संपूर्ण पुस्तक डिजिटल हवे असेल तर ते डी अँड डी बियाँड, रोल२० किंवा फॅन्टसी ग्राउंड्स यांसारख्या सेवेतच घ्यावे लागे, आणि दोन ठिकाणी हवे असेल तर दोनदा घ्यावे लागे. फाइल हातात येण्याचा मार्ग अशा रीतीने आधीच बंद झाला होता, पण सोय इतकी होती की फार थोड्यांनी त्याबद्दल कुरकुर केली.

ही सोय कमी लेखू नये. ३२० पानी छापील हँडबुकात एखादा नियम शोधताना सेशनची लय तुटते. पडद्यावर तो दोन अक्षरे टाकताच मिळतो. नव्या खेळाडूला पात्र तयार करताना कोणत्या आकड्यात काय मिळवायचे हे कळत नाही. इथे ते आपोआप मिळवले जाते. मास्टर टिअरची वर्गणी भरणारा एक जण आपली पुस्तके संपूर्ण कॅम्पेनमधील (अनेक सेशन चालणाऱ्या एका सलग खेळातील) खेळाडूंना वापरू देऊ शकतो. पुण्या-मुंबईच्या गटांना, जिथे जाड बांधणीची छापील प्रत आयात होऊनच येते, ही शेवटची बाब विशेष उपयोगी आहे: पाच जणांनी पाच पुस्तके मागवण्यापेक्षा एकाने पैसे भरणे केव्हाही परवडते. (वर्गणी कोणी भरायची यावरून होणारे वाद हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

पण या सोयीमुळे नियमाचे स्वरूप बदलते. छापील पुस्तक किंवा पीडीएफ हा संदर्भ असतो: माणूस तो वाचतो, समजून घेतो आणि अमलात आणतो. कॅरॅक्टर शीटला जोडलेले डिजिटल पुस्तक नियम स्वतःच अमलात आणते. खेळाडू ‘क्युअर वून्ड्स’ या जखमा भरणाऱ्या स्पेलवर बोट ठेवतो आणि किती फासे टाकायचे हे शीट ठरवते. संदर्भातील मजकूर बदलला तर वाचकाला जुना आठवतो, तो वाद घालू शकतो, डीएम ‘आपण जुनेच धरू’ म्हणू शकतो. अंमलबजावणीच बदलली तर गटाला बदल नाकारण्यासाठी साधनाशी झगडावे लागते, किंवा साधन सोडावे लागते.

याची चुणूक डिसेंबर २०२१ मध्ये मिळाली होती. विझर्ड्सने ‘व्होलोज गाइड टू मॉन्स्टर्स’ आणि इतर काही पुस्तकांचे शुद्धिपत्र काढून काही राक्षसकुळांविषयीचे वर्णनपर उतारे वगळले. ज्यांच्याकडे छापील प्रत होती त्यांच्या प्रतीत ते उतारे राहिले. डी अँड डी बियाँडवर ज्यांनी तेच पुस्तक विकत घेतले होते त्यांच्या प्रतीतून ते नाहीसे झाले. वगळण्यामागची कारणे योग्य होती की नाही यावर मतभेद असू शकतात, आणि होते. पण विकलेल्या प्रतीचा मजकूर विक्रीनंतर बदलला जाऊ शकतो हे तेव्हा सिद्ध झाले. ते उतारे वर्णनाचे होते, त्यांत फासे नव्हते, म्हणून चालू खेळावर परिणाम झाला नाही आणि वाद लवकर शमला. मे २०२२ मध्ये तेच पुस्तक विक्रीतून काढले गेले तेव्हा आधीच्या खरेदीदारांकडे ते राहू दिले, हेही नोंदवले पाहिजे.

नेमके काय बदलणार होते

ऑगस्ट २०२४ च्या यादीत फासे होते. २०१४ च्या हँडबुकात साडेतीनशेहून अधिक स्पेल आहेत आणि त्यांतील अनेकांची २०२४ मध्ये फेररचना झाली. ‘क्युअर वून्ड्स’ पूर्वी पहिल्या पातळीला एक आठ-बाजूंचा फासा देत असे, आता दोन देते. हा बदल खेळाडूला आवडणाराच. ‘स्लीप’ पूर्वी पाच आठ-बाजूंच्या फाशांच्या बेरजेइतक्या हिट पॉइंटचे (जीवशक्तीच्या गुणांचे) शत्रू कोणत्याही बचावाशिवाय झोपवत असे. नव्या रूपात शत्रूला विझ्डमचा सेव्ह (बचावासाठी फासा टाकण्याची संधी) मिळतो. ‘काउंटरस्पेल’मध्ये पूर्वी तिसऱ्या पातळीपर्यंतचा स्पेल आपोआप रोखला जाई, आता ज्याचा स्पेल रोखायचा तो कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह करतो आणि रोखला गेला तरी त्याचा स्पेल स्लॉट (स्पेल टाकण्याची मर्यादित संधी) खर्च होत नाही. सर्वांत मोठा फरक ‘कॉन्ज्युअर अ‍ॅनिमल्स’मध्ये आहे. २०१४ च्या रूपात ड्रुइड (निसर्गाची जादू करणारे पात्र) आठपर्यंत खरे प्राणी रणांगणात आणू शके आणि प्रत्येकाची वेगळी चाल खेळली जाई; २०२४ मध्ये त्याऐवजी प्राणी-आत्म्यांचा एकच कळप येतो, जो जवळ येणाऱ्यांना इजा करतो.

रचनेच्या दृष्टीने हे बदल बहुतांशी चांगले आहेत असे मला वाटते. आठ लांडग्यांच्या चाली एकामागून एक खेळल्या जात असताना जे डीएम भिंतीकडे बघत बसले आहेत त्यांना ते वेगळे सांगायला नको. पण बदल चांगला असणे आणि तो दोन वर्षे चाललेल्या कॅम्पेनच्या मध्यावर न विचारता येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या खेळाडूने ‘कॉन्ज्युअर अ‍ॅनिमल्स’भोवती आपला ड्रुइड उभा केला होता, त्याला नवे पुस्तक विकत न घेताही आपल्या पात्राचा मुख्य डावपेच शीटवरून गायब झालेला दिसला असता. २०१४ चे पुस्तक वाचण्यासाठी त्याच्या डिजिटल ग्रंथसंग्रहात राहणारच होते; फक्त त्याने विकत घेतलेला नियम त्याच्या शीटवर चालला नसता.

होमब्रूचा पर्याय कागदावर पुरेसा वाटतो. व्यासपीठावर जुन्या स्पेलची प्रत काढून ती खासगी सामग्री म्हणून साठवता येते. अडचण अशी की ही प्रत प्रत्येकाने आपापली काढायची होती, कारण विझर्ड्सचा मजकूर होमब्रू म्हणून सर्वांसाठी प्रसिद्ध करण्याची परवानगी नसते. ज्या वस्तूसाठी पैसे आधीच दिले आहेत तीच वस्तू पुन्हा हाताने भरून घ्या, असे सांगण्याचा हा प्रकार होता, आणि लोक भडकले ते बव्हंशी या सूचनेमुळेच.

कंपनीने असे का ठरवले असेल हे तर्काने सांगता येते. नवे नियम जुन्यांशी सुसंगत आहेत, ही नवी ‘आवृत्ती’ नव्हे, असे विझर्ड्स सुरुवातीपासून सांगत आली होती. ते शब्दशः खरे मानले तर एका नावाचा एकच स्पेल असणे स्वाभाविक ठरते: माहितीसाठ्यात एकाच नावाच्या दोन नोंदी ठेवल्या की प्रत्येक शीट, प्रत्येक शोध आणि प्रत्येक राक्षसाच्या वर्णनातील दुवा कोणत्या नोंदीकडे न्यायचा हे ठरवावे लागते. ते काम खर्चिक असते. दोन्ही रूपे शेजारी शेजारी दिसू लागली की ‘ही नवी आवृत्ती नव्हे’ हा दावाही कमकुवत होतो. म्हणजे तांत्रिक सोय आणि जाहिरातीची भूमिका दोन्ही एकाच दिशेने ढकलत होत्या, आणि त्या दिशेला उभा असलेला चालू कॅम्पेनमधील ग्राहक आराखड्यात कुठेच नव्हता.

वेळही प्रतिकूल होती. जानेवारी २०२३ मध्ये ओपन गेमिंग लायसन्स (इतरांना या खेळाच्या नियमांवर आधारित सामग्री काढू देणारा परवाना) बदलण्याचा मसुदा बाहेर फुटल्यावर खेळाडूंनी निषेधाचे हत्यार म्हणून डी अँड डी बियाँडची वर्गणी रद्द करण्याची मोहीम चालवली होती, आणि त्या महिन्याच्या अखेरीस, २७ जानेवारीला, कंपनीला पाचव्या आवृत्तीचा मूलभूत नियमसंग्रह क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला करावा लागला होता. २०२४ च्या वसंतात दुकानाची फेररचना करताना पुस्तकातील एखादाच सबक्लास किंवा राक्षस सुटा विकत घेण्याची सोयही काढून टाकण्यात आली होती. त्यामुळे ऑगस्टची यादी वाचणारा ग्राहक मुळातच सावध होता, आणि वर्गणी थांबवली की कंपनी ऐकते हा धडा त्याच्या हाताशी होता.

माघार आणि तिची मर्यादा

ऑगस्ट संपण्यापूर्वी कंपनीने जाहीर केले की २०१४ चे स्पेल आणि जादुई वस्तू शीटवर कायम राहतील, दोन्ही हँडबुके असलेल्यांना दोन्हींतून निवड करता येईल आणि त्यासाठी होमब्रूची गरज पडणार नाही. जुन्या नोंदींना ‘लेगसी’ अशी खूण मिळाली. जे काम सुरुवातीला टाळले गेले होते ते करणे शक्य होते, एवढे यातून दिसले.

ते शक्य असल्याचे उदाहरण शेजारीच होते. पाइझोने नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘पाथफाइंडर’ या आपल्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीची सुधारित पुस्तके आणली, ज्यांत ‘अलाइनमेंट’सारखी (पात्राचा नैतिक कल ठरवणारी) मूळची व्यवस्थाच काढून टाकली होती. त्या खेळाचे नियम ‘आर्काइव्ज ऑफ नेथिस’ या संकेतस्थळावर अधिकृत संमतीने फुकट वाचता येतात, आणि तिथे जुने व सुधारित असे दोन्ही मजकूर ठेवून वाचकाला हवे ते निवडण्याची सोय केली गेली. पाइझो आपली पुस्तके पीडीएफ म्हणूनही विकते, त्यामुळे जुन्या नियमांवर खेळणाऱ्याकडे त्याची फाइल असतेच. इथे पाइझोची नैतिकता थोर आहे असे सुचवायचे नाही. तिची कमाई नियम चालवणाऱ्या स्वतःच्या साधनावर अवलंबून नाही, म्हणून दोन आवृत्त्या शेजारी ठेवणे तिला जड गेले नाही, इतकेच. विझर्ड्सने पुस्तक, दुकान आणि शीट एका छताखाली आणले होते, आणि हॅस्ब्रोने मोठी किंमत मोजली ती या एकत्रीकरणासाठीच.

माघारीच्या निवेदनात एक तळटीपवजा भाग होता, ज्याकडे विजयाच्या भरात कमी लोकांनी पाहिले. चालू शीटमध्ये बदल करणार नाही, पण नावे बदलू, असे त्यात म्हटले होते: ‘रेस’च्या जागी ‘स्पीशीज’, ‘इन्स्पिरेशन’च्या जागी ‘हिरोइक इन्स्पिरेशन’, स्पेल टाकण्याच्या कृतीच्या जागी ‘मॅजिक’. हे बदल निरुपद्रवी होते. मात्र २०१४ चे पुस्तक घेतलेल्या खेळाडूच्या शीटवर २०२४ ची शब्दावली येणार होती, आणि ती नको असल्यास नाकारण्याचा पर्याय दिलेला नव्हता. साडेतीनशे स्पेल बचावले. शीटवर काय लिहिले जाईल हे ठरवण्याचा अधिकार मात्र आधी होता तिथेच राहिला, आणि त्याबाबत कंपनीने काही कबूल केले नाही व ग्राहकांनीही ते फारसे मागितले नाही. नव्या हँडबुकाची डिजिटल प्रत ३० डॉलरला, छापील ५० ला आणि दोन्ही मिळून ६० ला विक्रीस आली. जे गट अजून २०१४ वर खेळतात आणि दोन वर्षांनंतरही तसेच खेळू इच्छितात, त्यांच्यापुरता व्यवहार्य सल्ला असा की कॅम्पेन सुरू असेपर्यंत शीटची पीडीएफ प्रत दर लेव्हलला काढून ठेवावी आणि एक छापील हँडबुक, वापरलेले मिळाले तरी, गटाच्या मालकीचे असावे.